पाऊण इंचाचा पिवळा जोड

॥ श्री ढुंढिराज प्रसन्न ॥

ब्रह्मा घाट, काशी
ता. २८ मे १९९४

रा. रा. रत्नाकरराव यांस विश्वेश्वराचा सप्रेम नमस्कार.

इकडे तुमची ताई आणि मी सुखरूप आहोत, म्हणजे पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात माणसाला जितकं सुखरूप राहता येतं तितके. सकाळी दहापासून लू सुटते (तुमच्याकडे तिला गरम झळा म्हणत असतील), आणि मग संध्याकाळपर्यंत गल्लीत फक्त सांड आणि मी, असे दोघेच हिंडतो. तुमच्या छातीचा टाका कसा आहे? रोज किती चालता, मीठ खरोखर सोडलंत की सोडल्याचं नुसतं जाहीर केलंत, आणि डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली का, हे सविस्तर कळवावं. जिन्यांचं मी मुद्दाम विचारतो आहे. आमच्या छतावर (म्हणजे तुमच्या गच्चीवर) जायला बासष्ट पायऱ्या आहेत, आणि या पत्रात पुढे जी रामकहाणी येणार आहे ती त्या बासष्ट पायऱ्यांचीच आहे.

तुमचं पार्सल पोहोचलं. एकतीस वर्षं मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. तिथे मी जिवंत कोंबड्या पाहिल्या, लोणच्याच्या फुटक्या बरण्या पाहिल्या, एकदा एका नवरदेवाचा मुकुट दोन आठवडे माझ्या टेबलाखाली पडून होता (लग्न त्याच्याशिवायच झालं असावं, कारण घ्यायला कुणी आलं नाही). पण इतकं गर्विष्ठ पार्सल माझ्या हातून कधी गेलं नव्हतं. त्यात शंभर फूट हिरवा पाइप, त्याबरोबर जोडांचा एक डबा, आणि वर चार पानांचं तुमचं मार्गदर्शन. मार्गदर्शनात तीन रंगांच्या शाईने काढलेली आकृती, आकृतीत मी (नळाजवळ उभा असलेला तो पोटाचा मनुष्य मीच ना?), आणि शेवटी सहीखाली ‘अध्यक्ष, उद्यानप्रेमी मंडळ’ असा रबरी शिक्का. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिताना शिक्का मारणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. आता पाहिला.

त्या मार्गदर्शनात पान तीनवर, ‘पाइपला पीळ पडू नये म्हणून घ्यावयाची काळजी’ या मथळ्याखाली, तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे: ‘ताईला छतावर गवत वाढवायला वेळ आहे, जानेवारीत मला भेटायला यायला नव्हता.’ पाइपच्या पिळाशी या वाक्याचा काय संबंध ते मला कळलं नाही. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवत होतो, त्यामुळे थांबेपर्यंत वाक्य वाचून झालेलं होतं. तुमची ताई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, पुढे वाचा, पिळाचं काय करायचं म्हणतोय तो. मी पुढे वाचलं. एवढंच तुम्हाला कळवून ठेवतो.

आता त्या गवताविषयी. ते गवत नाही, त्या दूर्वा आहेत. तुमच्या ताईने गणपतीला दूर्वांची लाखोली बोलली आहे. लाखोली म्हणजे काय हे तुम्ही विसरला असाल (मंडळाच्या कामात माणूस बरंच विसरतो), म्हणून सांगतो: एक लाख दूर्वा मोजून, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून, रोज वाहायच्या. दूर्वा तीन पानांची, कोवळी, हिरवीगार हवी. एकही दिवस खाडा नाही. माघातल्या गणेश जयंतीला आरंभ केला आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला लाख पुरे झाले पाहिजेत, नाहीतर सगळं वाया. बाजारातली दूब तिला चालत नाही, कारण ती कुठल्या रस्त्याच्या कडेची आणि तिथे आधी कोण कोण येऊन गेलं, याची शाश्वती नाही. म्हणून छतावर फळांच्या चौदा पेट्या मांडून त्यात तिने दूर्वा लावल्या. पाणी सोवळ्यातलं लागतं, म्हणून पहाटे स्नान करून, सोवळं नेसून, चौकातल्या हौदातून कळशी भरून ती बासष्ट पायऱ्या चढते. दिवसाला अकरा कळश्या. गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कामवालीने पाणी आणलेलं चालत नाही. मी आणलेलंही चालत नाही, कारण मी पानात तंबाखू खातो आणि त्यामुळे कायमचा ओवळा आहे, असा निकाल आमच्या घरात लागलेला आहे. चैत्रापर्यंत ठीक चाललं होतं. शंभर दूर्वा झाल्या की ती डब्यात एक चिंचोका टाकते. या घटकेला डब्यात चारशे तेरा चिंचोके आहेत, आणि उन्हाने पेट्या अशा भाजून निघाल्या आहेत की दिवसाला दीडशे दूर्वासुद्धा धड मिळत नाहीत. लाखोली कशासाठी बोलली ते मला विचारू नका, मला सांगायची मनाई आहे. एवढ्यासाठीच मी तुम्हाला पाइपविषयी विचारलं होतं. विचारलं होतं, व्याख्यान मागितलं नव्हतं.

तुमच्या डब्याकडे वळतो. त्यात अकरा जोड होते. नळाला लावायचा, पाइपला लावायचा, पाइपला पाइप लावायचा, दोन फाटे फोडायचा, आणि एक असा की पाइप काढला तरी पाणी आपोआप थांबावं. (आमच्या काशीत पाणी आपोआप थांबतंच, त्यासाठी जोड लागत नाही. सकाळी पाऊण तास येतं, तेवढंच.) शिवाय पाइपच्या टोकाला लावायचं ते पिस्तूल. त्याला एक चकती, चकतीवर सात खुणा, आणि सात तऱ्हेचं पाणी: एक धार, एक फवारा, एक धुकं, एक म्हणे ‘सपाट’. सपाट पाणी कशाला म्हणतात हे मी या वयात तुमच्याकडून शिकलो. तुमचा जर्मनीतला मुलगा हे सगळं घेऊन आला हे तुम्ही चार पानांत पाच वेळा लिहिलं आहे, तेव्हा ते आम्हाला कळलं असं समजावं. पण जे एकदाही लिहिलं नाही ते हे, की जोड घेण्याआधी तो ज्याला लावायचा त्याचं तोंड मोजावं लागतं. आमच्या हौदावर जी मोटर आहे तिचं तोंड पाऊण इंचाचं, आट्यांचं. तुमचे वर दिसणारे दहाच्या दहा जोड अर्ध्या इंचाचे. तुम्ही मला पत्राने एकदा विचारलं असतंत तर मी पट्टी लावून सांगितलं असतं. पण अध्यक्ष विचारत नसतात, ते पाठवतात.

मी डबा घेऊन लोहटियातल्या (इथल्या लोखंडी सामानाच्या बाजारातल्या) एका दुकानात गेलो. दुकानदाराने एकेक जोड उजेडात धरून पाहिला, पिस्तूल स्वतःच्या कानाजवळ नेऊन वाजवून पाहिलं, आणि म्हणाला, ‘एकरे बदे त नलवो ओहीं से मँगावे के पड़ी, बाबू.’ म्हणजे याच्यासाठी नळसुद्धा तिकडूनच मागवावा लागेल. मग त्याने मला त्याच्याकडचे पाइप दाखवले. एक पारदर्शक, जो बोटाने दाबला की चपटा होतो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच पाणी अडतं. एक काळा, जाड, स्वस्त, पण त्यातून येणाऱ्या पाण्याला असा वास की दूर्वा सोडा, मी त्याने पायसुद्धा धुतले नसते. आणि एक आतून जाळी असलेला, तुमच्यासारखाच. तेव्हा कबूल करतो की तुमचा पाइप वाईट नाही. मी त्यावर उभा राहून पाहिलं, दबला नाही. वाकवून पाहिलं, मोडला नाही. पण त्याला गुंडाळीची इतकी सवय झालेली आहे की सरळ म्हणून राहत नाही, मोकळा सोडला की पुन्हा पुण्यातल्यासारखा गोल होऊन बसतो. बाकी डब्याच्या तळाशी, कागदाखाली, अकरावा जोड सापडला. पिवळा. एका बाजूला पाऊण इंचाचे आटे, दुसऱ्या बाजूला तुमचा तो खटकन बसणारा अर्धा इंच. तुमच्या आकृतीत तो कुठेही नव्हता. म्हणजे तुमच्या मार्गदर्शनात नसलेली एकच वस्तू उपयोगाची होती.

इथपर्यंत सगळं एका सकाळचं काम होतं. मी मोटरला जोड बसवला, पाइप हातात घेतला, आणि तुमची ताई म्हणाली, थांबा, हा सोवळ्यात चालतो का ते विचारून या. कुणाला विचारायचं तर ढुंढिराजशास्त्र्यांना. हे आमच्या समोरच्या घरात राहतात, वय ऐंशी, वेद मुखोद्गत, आणि कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आधी देऊन मग विचार करतात. त्यांनी पाइप नाकाशी नेला. चामडं नाही, म्हणजे मूळ पदार्थ निषिद्ध नाही, असं अर्ध्या तासाने ठरलं. मग त्यांनी विचारलं, आला कसा. मी भोळेपणाने सांगून बसलो की पुण्याहून यात्रा कंपनीबरोबर, तुमच्या सोसायटीतल्या गृहस्थांच्या बाकाखाली ठेवून. बाकाखाली म्हटल्याबरोबर शास्त्रीबुवांनी पाइप खाली ठेवला. बाकाखाली काय असतं? जोडे असतात. छत्तीस तास तुमचा पाइप छत्तीस जोड्यांच्या संगतीत आलेला आहे. तेव्हा निर्णय असा झाला, की पाइपला गंगास्नान घालावं. आणि पाणी आतून वाहणार असल्यामुळे स्नान आतूनही व्हावं.

रत्नाकरराव, शंभर फूट पाइप खांद्यावर घेऊन कधी घाटाच्या पायऱ्या उतरलात का? मी उतरलो. ब्रह्मा घाटावर त्या वेळी जेवढे लोक होते तेवढ्यांनी मला काय करता म्हणून विचारलं. एका मल्लाहाने (म्हणजे नावाड्याने) तर मी गंगेचं पाणी थेट घरात ओढून नेणार असं समजून, सरकारी परवानगी आहे का, अशी चौकशी केली. मी सांगितलं, याचं स्नान आहे. यावर काशीत कुणीही आणखी प्रश्न विचारत नाही. मल्लाह सरकून बसला. पण पाइप बुडेना. आत हवा, त्यामुळे एक टोक पाण्यात घातलं की मधला भाग वर येतो, मधला दाबला की दुसरं टोक चार हातांवर डोकं काढतं. शास्त्रीबुवा पायरीवर उभे राहून ‘अजून कोरडा आहे, अजून कोरडा आहे’ म्हणत होते. शेवटी मल्लाहाने नावेच्या मागे पाइप बांधून, एक टोक वर धरून, काठाकाठाने पन्नास हात ओढत नेला, तेव्हा कुठे बुडबुडे निघून गेले आणि पाइप आतबाहेर पवित्र झाला. वैशाखातली गंगा, पाणी उतरलेलं, काठाशी निव्वळ गाळ. तो पवित्र गाळ पाइपने पोटभर घेतला. मला त्या वेळी ते सुचलं नाही. मी फक्त वजन वाढल्याचं पाहिलं आणि ते पाण्याचं असेल असं समजलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणी केली. खाली चौकात मोटरपाशी मी (बटण ओवळ्याने दाबलं तर चालतं, असा स्वतंत्र निर्णय मिळाला होता), वर छतावर पिस्तूल हातात घेऊन तुमची ताई. तिचा आवाज खाली येत नाही, म्हणून मी छतापासून चौकापर्यंत सुतळी सोडून खालच्या टोकाला देवघरातली घंटा बांधली. एक ठोका म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. या युक्तीचं मला फार कौतुक वाटलं होतं, तेही लिहून टाकतो. एक ठोका आला. मी बटण दाबलं. पाइप हलला, फुगला, आणि वर पाणी गेलं. नेमक्या त्याच क्षणी मंगला गौरीच्या देवळात आरतीला सुरुवात झाली. मागोमाग शेजारच्या तीन घरांत, मग घाटावर. काशीत पहाटेच्या वेळी घंटेची खूण ठरवणारा गाढव मीच, तेव्हा यात तुमचा दोष नाही. वर काय झालं ते मला मागाहून कळलं. पिस्तुलाची बारीक भोकं गाळाने बुजली, पाणी थांबलं, ताईने घाबरून सुतळी ओढली, दोनदा ओढली, वीसदा ओढली. मी खाली त्या सगळ्या घंटानादात हात जोडून उभा होतो. मोटर चालू होती.

पाण्याला कुठून तरी वाट हवीच होती. पिस्तूल पाइपातून सुटलं आणि पाइपचं तोंड छतभर नाचायला लागलं. आमच्या छताला लागून नंदाबाईंचं छत आहे. नंदाबाई सबंध मे महिना सांडगे घालतात आणि सबंध वर्ष त्यांचं मोल आम्हाला ऐकवतात. त्या दिवशी सात चादरींवर कोहळ्याचे सांडगे वाळत होते. तुमच्या पाइपने त्या सातही चादरींवर काळा गाळ एकसारखा शिंपडला (पिस्तुलाशिवायच सगळ्या तऱ्हा झाल्या, ‘सपाट’सुद्धा). नंदाबाई कमरेला पदर खोचून वर आल्या. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण तो गाळ गंगेचा होता. गंगाजल अंगणात आलं म्हणून कुणाला शिव्या द्यायच्या? त्यांनी एकदा सांडग्यांना हात जोडले, एकदा वरून वाकून खाली चौकातल्या माझ्याकडे असं पाहिलं की ते मी जन्मभर विसरणार नाही, आणि खाली निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून एक वाटी सांडगे आले, प्रसाद म्हणून. आम्हाला ते तळून खावे लागले. दाताखाली अजून करकरतं आहे.

इकडे खाली मी शेवटी भानावर येऊन बटण बंद केलं. पण त्याआधीच पिवळा जोड मोटरवरून सुटून उडाला होता आणि चौकावरच्या पहिल्या मजल्याच्या कठड्यावर जाऊन पडला होता. तुटला नव्हता. मी जिना चढून तिथे पोहोचलो तेव्हा त्याच्याजवळ एक माकड बसलेलं होतं. पिवळी वस्तू, आंब्याएवढी, माकडाने दुसरं काय समजायचं? मी चणे दाखवले, गूळ दाखवला, माझा चष्मासुद्धा काढून दाखवला (ते चष्मा घेतात आणि हातातलं सोडतात असा इथला अनुभव आहे). त्याने चष्म्याकडे पाहिलंदेखील नाही. तुमच्या जर्मन मालाची पारख करणारा या शहरात तो एकटाच निघाला. जोड तोंडात धरून ते गेलं. अजून कधी कधी समोरच्या कंगोऱ्यावर तो घेऊन बसलेलं दिसतं.

तेव्हापासून आम्ही इथल्या पद्धतीने चाललो आहोत. मोटरच्या तोंडावर पाइप चढवायचा, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, त्यावर तार, तारेवर माझ्या धोतराचा काठ. असा जोड साधारण चार मिनिटं टिकतो, मग सुटतो, मी भिजतो, पुन्हा बांधतो. चार मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी जातं. छत चौथ्यावर आहे. म्हणजे तुमची ताई आता तिसऱ्या मजल्यावर कळशी भरून घेते आणि उरलेल्या सोळा पायऱ्या चढते. तुमच्या शंभर फुटी पाइपाने, अकरा जोडांनी, सात तऱ्हांच्या पाण्याने आणि चार पानांच्या मार्गदर्शनाने मिळून तिच्या शेहेचाळीस पायऱ्या वाचवल्या, तेही सगळे दिवस नाही. काल पाहिलं तर पाच पेट्या पार वाळलेल्या होत्या. ती त्यांच्याजवळ बसून एकेक काडी हाताने चाचपत होती, कुठे हिरवं शिल्लक आहे का म्हणून. मी खाली येऊन पुन्हा तार आवळली.

तेव्हा तुमच्या मंडळाला माझा सप्रेम निरोप सांगा, की पाइप निवडताना आधी नळ पाहावा, जोड निवडताना आधी तोंड मोजावं, आणि सल्ला देताना आधी जागा पाहावी. तुम्ही ही जागा पाहून अकरा वर्षं झाली. पाइप, दहा जोड, पिस्तूल आणि मार्गदर्शन, सगळं परतीच्या पार्सलाने पाठवत आहे. तुमच्या बागेत सपाट पाण्याची गरज असेल.

मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जपून असावं.

आपला
विश्वेश्वर

ता. क. वरचं पत्र तुमच्या ताईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पाइप परत पाठवायचा नाही. भावाने पाठवलाय, आणि शिवाय आता त्याचं गंगास्नान झालं आहे, तो पुन्हा बाकाखालून जाता कामा नये. तेव्हा पाइप राहतो आहे. जोड आणि पिस्तूलही राहू दे म्हणते. मार्गदर्शन तेवढं पाठवणार होतो, पण त्यातल्या पान तीनची तिने घडी करून चिंचोक्यांच्या डब्यात ठेवली आहे, आणि तिथे हात घालायची माझी टाप नाही.

ता. क. दुसरा. हा पोस्टात उभा राहून लिहितो आहे, आणि हा तिला वाचून दाखवणार नाही. जानेवारीत ती आली नाही, सर्दी झाली होती, असं तिने तुम्हाला कळवलं. सर्दी नव्हती. तुमचं ऑपरेशन अकराला होतं. नऊला आम्ही दोघं ट्रंक घेऊन मुगलसरायला गेलो. धुकं एवढं की समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. एकोणीस तास बाकावर बसलो. गाडी येत नव्हती आणि कुणी काही सांगू शकत नव्हतं, मीही नाही, आणि मी तर एकतीस वर्षं त्याच रेल्वेत होतो. पहाटे ती थंडीने काकडायला लागली तेव्हा मी तिला ओढत घरी आणली. उठण्याआधी तिने त्या बाकावर बसल्या बसल्या लाखोली बोलली, रत्नाकर उठून बसला पाहिजे म्हणून. मी ऐकलं म्हणून मला माहीत. तुम्हाला कळवायचं नाही असं तिने बजावलं आहे. एक तर तुम्ही हसाल, आणि दुसरं म्हणजे बोलून दाखवलं की त्याचा उपकार होतो, असं ती म्हणते. गाडी आम्ही निघाल्यावर दोन तासांनी आली. हे मी तिलाही अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे, आणि ते तिच्या कानावर जाऊ नये. म्हणून मी रोज त्या मोटरपाशी भिजत उभा राहतो. अजून अठ्ठावन्न हजार सातशे दूर्वा आहेत, रत्नाकरराव, आणि ही बाई सोळा पायऱ्या चढते आहे ती तुमच्यासाठी.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं काम. ज्याच्यासाठी लाखोली, त्याच्या हातून शेवटची जुडी वाहिली गेली तर ती पुरी झाली, असं ढुंढिराजशास्त्र्यांनी सांगितलं आहे (या वेळी त्यांनी आधी ‘नाही’ म्हटलं नाही). भाद्रपदापर्यंत थांबू नका, आत्ताच निघा. मुगलसरायला मी उतरवून घ्यायला येईन. जिने चढायची परवानगी नसेल तर खाली मोटरपाशी बसा, बटण दाबायला छाती लागत नाही. बरोबर पाऊण इंचाचा पिवळा जोड आणा. दोन आणा, एक माकडाला द्यावा लागेल.